न चाखता घेणारं गिऱ्हाईक

लक्ष्मीपुरीत मिरची घ्यायला गेलं की आधी पोत्यात हात जातो. तळातली मूठभर मिरची वर काढायची, देठाचा रंग बघायचा, एखादी मोडून बघायची. कडकडीत वाळलेली मिरची मोडताना आवाज करते, ओलसर असली की नुसती वाकते. दराचं बोलणं त्यानंतर. गुळाचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय आमच्याकडं कोणी पिशवी पुढं करत नाही. खारट लागला की माणूस पुढच्या दुकानात. भडंगवाला तर मागायच्या आधीच तळहातावर मूठभर ठेवतो. खायची वस्तू चाखून, चाचपून, तोंडावर चार शब्द बोलून घ्यायची, ही कोल्हापूरची रीत.

आमचा धंदा या रितीच्या उलट चालतो. मी आणि माझी जाऊ घरातून चटणी, भडंग, गूळ, काकवी आणि दिवाळीला फराळ बाहेरगावी पाठवतो. घेणारे पुण्यात, बंगळुरात, दुबईत, न्यू जर्सीत, मेलबर्नला. यांच्यातल्या बहुतेकांनी पैसे पाठवायच्या आधी आमच्या चटणीचा वाससुद्धा घेतलेला नसतो. कोणा मैत्रिणीनं सांगितलं, एवढ्या आधारावर ही माणसं पैसे देतात आणि मग पार्सलची वाट बघत बसतात. या विश्वासाचं मला ओझं वाटतं, आणि ते वाटलंच पाहिजे असं माझं मत आहे. समोर उभं राहून चाखणाऱ्याला फसवणं अवघड असतं. लांबच्याला फसवणं फार सोपं. म्हणून लांबच्याशी जास्त चोख राहावं लागतं. त्याला चाखता येत नाही, त्यामुळं पाकिटावर आपण जे छापतो तेच वाचून तो ठरवणार.

तसं पाहिलं तर लांबच्या गिऱ्हाइकाला माल पाठवणं कोल्हापूरला नवं नाही. मिरजेहून रेल्वे इथं 1891 साली आली. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं रुजला. पुढं बाजार मार्केट यार्डात गेला, पण चाल तीच राहिली. इथला गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातला जातो. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, कापडात गुंडाळून रवाना होतो आणि खाणारा कुठल्या तरी वाडीत बसून तो फोडतो. मधे अडत्या असतो, व्यापारी असतो. सौद्याला व्यापारी रव्याचा तुकडा काढून रंग, कणी, कडकपणा बघतो, चाखतो. म्हणजे लांबच्या माणसाच्या वतीनं इथं कोणीतरी चाखत असे. आमच्यासारख्यांच्या धंद्यात तो मधला माणूस उरलेला नाही. त्याची जबाबदारी आमच्याकडंच आली.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनानं रंगाचा प्रश्न सुटला नाही. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ, असं गिऱ्हाइकाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तपकिरी गूळ दाखवला की "जुना दिसतोय" म्हणतात. तो पिवळेपणा बऱ्याचदा हायड्रॉसचा असतो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा. उकळत्या रसात ते टाकलं की रंग उजळतो, काही दिवसांनी पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. आम्ही ज्यांच्याकडून गूळ घेतो त्या गुऱ्हाळावर रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. ठेचलेल्या भेंडीचं पाणी काहिलीत पडलं की काळपट मळी फेसासकट वर येते आणि माणूस ती झाऱ्यानं बाजूला ओढत राहतो.

त्या गुऱ्हाळावरचे गुळवे मामा थर्मामीटर वापरत नाहीत. साधारण 105 अंशांच्या आसपास रस काकवीला येतो आणि 118 च्या जवळ गुळाला, हे मी वाचून सांगू शकते. ते पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात, दोन बोटांत त्याची गोळी वळते का बघतात आणि काहील उतरवायला सांगतात. एकदा मी विचारलं, "मामा, अजून दोन मिनिटं ठेवलं तर?" तर म्हणाले, "ताई, दोन मिंटात गुळाचा दगुड हुतोय. मग त्यो तुमच्या परदेशातल्या बाईला खलबत्त्यात घालून कुटाय लागंल." त्यांनी त्या बाईला पाहिलेलं नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात खलबत्ता नसणार हे त्यांच्या ध्यानात आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आम्ही हा गूळ तपकिरीच पाठवतो आणि पाकिटावर तसं लिहितो. शिवाय किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर सांगावं लागतं, आपल्याकडंही आणि अमेरिकेतही. दमेकऱ्यांपैकी काहींना त्याचा त्रास होतो. हायड्रॉसचा गूळ "शुद्ध, नैसर्गिक" म्हणून विकणाऱ्यांचा मला राग येतो तो याच कारणानं. खरेदी करणाऱ्याला रंग दिसतो, गंधक दिसत नाही.

पावसाळ्यात गुळाचे हाल होतात. हवेतलं पाणी तो ओढून घेतो आणि पाझरायला लागतो. म्हणून जून लागायच्या आत लहान वड्या हवा काढून पाकीटबंद करतो. काकवीचं दुखणं वेगळं. ती पातळ राहिली असेल तर बाटलीत आंबते, झाकण फुगतं. झाकणाखाली फॉइलचं सील, वर टेप, आणि बाटली वेगळ्या पिशवीत. एवढं करूनही कोणाच्या कपड्यांच्या खोक्याशेजारी ती गेली तर मला झोप लागत नाही.

चटणीबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय, कारण आमचं खरं काम तीच आहे. बाहेरचे तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, घरी ती नुसती चटणी. चैत्र-वैशाखात मिरच्या येतात. रंगाला ब्याडगी, चवीला आणि झणक्याला संकेश्वरी, तिखटाला थोडी लवंगी. देठं खुडून दोन-चार उन्हं द्यायची. धणे, जिरे, तीळ, खसखस, खोबरं, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड, हिंगाचा खडा असं एकेक तेलावर परतून घ्यायचं. कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. मग सगळं घेऊन डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर. डंक चालू असताना त्या गल्लीतून जाणारा माणूस पदर किंवा रुमाल नाकाला लावून जातो. शेवटी लसूण आणि मीठ पडलं की रंग एकदम गडद होतो, आणि गरम चटणी परातीत पसरून गार करायची.

घरी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलेली ही चटणी वर हिंगाचा खडा ठेवला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते. तीच चटणी पाकिटात घालून लांब पाठवली की खोबरं तिला दगा देतं. खोबऱ्यात तेल भरपूर. गरम गोदामात, विमानतळावरच्या उन्हात ते खवट होतं. शिवाय सुकं खोबरं विमानानं पाठवताना आणखी एक अडचण येते, जी मला कुरिअरच्या काउंटरवर कळली. एका गिऱ्हाइकानं लेकीच्या ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या मागवल्या होत्या, त्या तिथल्या माणसानं खोक्यातून काढून माझ्या हातात ठेवल्या. विमान वाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत धरलेलं आहे: वर्ग 4.2, क्रमांक यूएन 1363. चेक-इनच्या बॅगेतही त्याला मनाई आहे. ओटीतल्या वाटीकडं त्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. पण साठवलेल्या खोबऱ्यातलं तेल हवा लागून आतल्या आत तापू शकतं, हे शास्त्र खरं आहे आणि नियम योग्य आहे.

तेव्हापासून लांबच्या चटणीत आम्ही खोबरं घालत नाही. सोबत एक चिठ्ठी देतो: भाजी करताना दोन चमचे सुकं खोबरं तिथंच भाजून वाटून घाला. जावेचं म्हणणं, असं केलं तर ती आपली चटणी राहिली का? माझं म्हणणं, खवट खोबऱ्याची तर अजिबातच राहणार नाही. यावर आमचं अजून एकमत नाही, आणि सणासुदीला घरच्या बरणीत खोबरं पडतंच.

खसखशीची गोष्ट याहून गंभीर. ती अफूच्याच झाडाचं बी. आपल्याकडं किराणा दुकानात मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत, सौदीत, सिंगापुरात ती बाळगायला बंदी आहे. तिथं ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. बॅगेत किंवा पार्सलमध्ये सापडली तर पार्सल जप्त होण्यावर भागत नाही, माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आता विचार करा, अनारसे खसखशीवर थापतात. दुबईतल्या मुलाला आईनं प्रेमानं अनारसे पाठवायचे आणि पोरानं पोलिसांना उत्तरं द्यायची. म्हणून आखाताच्या पार्सलात आम्ही अनारसे ठेवत नाही आणि तिकडच्या चटणीचा घाणा वेगळा काढतो. भांडी वेगळी, दिवस वेगळा, आणि डंकवाल्यालाही आधी डंक पुसून घ्यायला लावतो. तो वैतागतो. वैतागू दे. "थोडीशी खसखस काय कळतीय" असं म्हणणारे शेजारी आहेत. पण पत्त्यावर ज्याचं नाव आहे त्याला ती थोडीशी खसखस किती महागात पडेल, हे माहीत असून मी ते पाकीट बंद करू शकत नाही.

तिळाचंही तसंच. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा मोठा ॲलर्जन म्हणून लेबलवर लिहिणं बंधनकारक आहे. शेंगदाणा आधीपासून होताच, आणि आमच्या भडंगात तो मूठमूठ असतो. एवढंसं पाकीट, त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, बॅच, तारीख. छापखान्यातला मुलगा म्हणतो, "काकी, फुलाचं डिझाइन काढूया, अक्षरं लई झाली." मी फूल काढायला लावते.

मिरचीच्या वाळवणाबद्दल गावोगाव बोलायला हवं. शेतात, रस्त्याकडेला, मातीवरच मिरची पसरतात. रात्री दव पडतं, मधेच वळीव येतो, ओली मिरची ढिगात राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते भाजून जात नाही, कुटून जात नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. युरोपात मसाल्यांसाठी त्याची मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम आहे, त्यातल्या बी-वन प्रकाराची फक्त 5. तेवढा अंश डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. बरेच जण म्हणतात की हे गोऱ्यांचे चोचले. मला तसं वाटत नाही. तीच मिरची आपली पोरं खातात, आणि त्यांच्या ताटातली कोणी तपासत नाही. आम्ही ज्या शेतकऱ्याकडून संकेश्वरी घेतो त्याला ताडपत्रीवर आणि जमिनीपासून वर वाळवायला सांगितलं, त्यासाठी किलोमागं दर वाढवून दिला. आता तो स्वतःच्या घरची मिरचीही तशीच वाळवतो.

वजनाचा हिशेब नवशिक्यांना चकवतो, म्हणून इथं सांगून ठेवते. परदेशी कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त तेच धरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं. 40 बाय 40 बाय 45 चं खोकं भडंगानं भरलं तर आतला माल जेमतेम सहा-सात किलो, आणि पैसे 14.4 किलोचे. चुरमुरे म्हणजे बहुतेक हवाच, आणि त्या हवेचं भाडं डॉलरात. म्हणून आम्ही भडंगाच्या पिशव्यांमधल्या फटीत गुळाच्या वड्या आणि चटणीची पाकिटं बसवतो. खोक्याचा आकार तोच राहतो, माल वाढतो, गिऱ्हाइकाचं भाडं वाया जात नाही. चकल्या मात्र डब्यात उभ्या रचायच्या, वर रिकामी जागा ठेवायची नाही. खव्याचे पेढे, बर्फी ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या भानगडीत पडू नये. तिथल्या जैवसुरक्षेच्या नियमांत दुधाचे पदार्थ अडकतात आणि नष्ट केले जातात. मटणाचं लोणचं कुठं पाठवायचं असेल तर पुण्यापर्यंत ठीक.

पुण्या-मुंबईची वाट त्या मानानं सोपी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत डबा टाकला, ड्रायव्हरचा नंबर कळवला, की सकाळी स्वारगेटला नाहीतर दादरला माणूस उभा. ही सोय कोणत्याही ॲपच्या आधीची आहे आणि तिच्यावर निम्मं कोल्हापूर चालतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ती एकाएकी थांबली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर. ट्रकच्या रांगा लागलेल्या, दूध अडकलेलं, औषधं अडकलेली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्यामुळं जुलै-ऑगस्टात आम्ही पोहोचायची तारीख कोणालाच देत नाही.

देशातल्या पार्सलांत माझा जीव सगळ्यात जास्त गुंततो तो फौजेच्या पत्त्यांत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावं आमच्या जिल्ह्यात आहेत, जिथं घरटी माणूस सैन्यात. त्यांच्या पत्त्यावर गाव नसतं, जिल्हा नसतो. नाव, नंबर, युनिट आणि शेवटी 56 एपीओ किंवा 99 एपीओ, म्हणजे सैन्याचं टपालघर. खाजगी कुरिअर तिथं जात नाही, पोस्टच जातं. ही पार्सलं आम्ही अजून मांजरपाटात शिवतो. खोक्याला कापड घट्ट ओढायचं, दाभणानं जवळजवळ टाके घालायचे, कोपऱ्यावर दुहेरी टाका, आणि पत्ता काळ्या शाईनं थेट कापडावर, कारण कागद भिजला की गेला. एक आजी नातवासाठी दर हिवाळ्यात चटणी घेऊन जाते. तो कुठं आहे ते तिला ठाऊक नाही, आम्हालाही नाही. ती फक्त सांगते, "थंडीत गोठल असं कायबी घालू नगा." म्हणून त्या पार्सलात काकवी नसते. आधी चाखायचं म्हणून तर सोडाच, मिळाल्याचा निरोपसुद्धा कधी महिन्यानं येतो.

आता ज्यावर वाद होतात ती गोष्ट. परदेशी पार्सलच्या कागदावर "गिफ्ट" लिहा, असा आग्रह गिऱ्हाईकच धरतं. समजू शकते मी, कर वाचतो. अमेरिकेत घरी केलेला पदार्थ एखाद्यानं स्वतः आपल्या माणसाला भेट म्हणून पाठवला, तर तिथल्या अन्न खात्याला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. तोच पदार्थ विकलेला असला की द्यावी लागते. आत चिवडा तोच, तळणारी कढई तीच, पण आजीचं पार्सल वेगळं आणि माझं वेगळं, हा फरक मला पटतो. मी पैसे घेतलेत. पैसे घेतले की माझ्यावर जास्त बंधन असायलाच हवं. निर्यातीचा आयईसी क्रमांक, पोस्टातलं निर्यातीचं बिल, हे सगळं सुरुवातीला डोंगराएवढं वाटलं, पण पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रांमुळं लहान धंद्याला बरंचसं एका जागी करता येतं. आता "गिफ्ट लिहा" म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणते. त्यातले काही दुसरीकडं जातात.

2025 च्या दिवाळीत या सगळ्याची कसोटी लागली. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी 29 ऑगस्टपासून काढून घेतली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नसल्यानं विमान कंपन्यांनी टपाल घेणं थांबवलं आणि 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक टपाल पार्सलं बंद झाली. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ला. शिवाय विकलेल्या मालावर 50 टक्के कर पाठवतानाच भरायचा. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीला सूट होती, म्हणजे मोह आणखी वाढला. आम्ही अमेरिकेच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्याच नाहीत. ज्यांनी विचारलं त्यांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून पाठवलं. दोघींनी केलेल्या चकल्यांचे फोटो आले, काटे छान उठले होते.

गेल्या हिवाळ्यात कॅनडातल्या एका बाईंचा निरोप आला. त्या जुन्या गिऱ्हाईक. लिहिलं होतं, "ताई, चटणी चांगली आहे, पण या खेपेला झणका कमी आहे. काही बदललंय का?" बदललं होतंच. त्या वर्षी पावसानं संकेश्वरीचं पीक गेलं, चांगला माल मिळेना, म्हणून आम्ही ब्याडगी वाढवली होती. रंग देखणा आला, तिखटपणा उतरला. लक्ष्मीपुरीत समोर उभी असती तर मी बोलता बोलता सांगितलं असतं आणि तिनं बोटाच्या टोकावर घेऊन पाहिलं असतं. इतक्या लांबून ती मला प्रश्न विचारते, याचा अर्थ तिची जीभ शाबूत आहे आणि तिला आमच्याकडून खरं उत्तर अपेक्षित आहे. मी सविस्तर उत्तर लिहिलं. मग जावेशी बोलून लेबलवर एक ओळ वाढवली. छापखान्यातल्या मुलानं पुन्हा जागेची तक्रार केली, तर अक्षर बारीक करून बसवली. यंदाच्या पाकिटावर आहे: ब्याडगी तीन भाग, संकेश्वरी दोन, लवंगी अर्धा, कुटली चैत्रात. पुढच्या वर्षी प्रमाण बदललं तर बदललेलं छापू.